चार्जसरांची अकरा वर्षं

चार्जसर रागावले की ओरडत नसत, शब्दाचं मूळ सांगत. स्टाफरूममध्ये कुणी मोबाईल चार्जला लावला तरी निमित्त पुरे. ‘चार्ज’चा मूळ अर्थ गाडीवर ओझं लादणं. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. कोर्टातला चार्ज म्हणजे माणसावर लादलेलं ओझं, हॉटेलवाल्याचा चार्ज खिशावरचं, बॅटरीत भरतात तेही ओझंच. “लाठीचार्जचं तेवढं मले अजून जमून नाही राहिलं,” असं मात्र ते प्रामाणिकपणे कबूल करत. मुलांनी ठेवलेलं ‘चार्जसर’ हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचंही.

ते मूळचे इंग्रजीचे व्याख्याते. रायपूर राजधानी झाल्यावर काही वर्षांतच आमच्या सरकारी शाळेचे प्राचार्य बदलून गेले आणि थोडे दिवस चार्ज सांभाळा, असं सरांना सांगण्यात आलं. ते थोडे दिवस अकरा वर्षं चालले. परीक्षा, बैठका, गळकं छप्पर, सगळं त्यांच्या डोक्यावर, आणि आदेशात फक्त ‘प्रभारी’. बढतीच्या फाईलसाठी ते तीनदा नवा रायपूरला, मंत्रालयातही गेले. बस मिळेना, तर त्या रुंद रस्त्यांवरून भर उन्हात चालत. बाबूने तिन्ही वेळा एकच सांगितलं, फाईल ऊपर गई है. मी त्यांच्याच हाताखालचा शिक्षक; चिडून म्हणालो, सोडून द्या ना हा चार्ज.

“काहून सोडू? पोट्ट्यांची परीक्षा तोंडावर आहे.”

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी रीतसर यादी करून चार्ज दिला. किल्ल्या, शिक्के, प्रयोगशाळेतले तराजू, प्रत्येक ओळीपुढे सही. दोन महिन्यांनी नव्या, कायम प्राचार्यांनी ऑफिसात माजी प्राचार्यांच्या नावांचा फलक लावला. प्रभारींची नावं घेता येत नाहीत म्हणे. सरांच्या अकरा वर्षांपुढे पेंटरने लिहिलं होतं, ‘पद रिक्त’.

माझा संताप अजून गेलेला नाही. त्या प्राचार्यांवर आहेच, पण त्याहून जास्त स्वतःवर. मजकुराचा कागद पेंटरकडे जाण्याआधी माझ्या हातात आला होता. मी तो वाचला आणि बदलीच्या भीतीने गप्प बसलो.

पुढे सर कसल्याशा दाखल्यासाठी शाळेत आले. फलकासमोर थांबले, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, “मग इतकी वर्षं पोट्ट्यांच्या टीसीवर सही कोण करून राहिलं होतं रे?”