व्याह्यांना लाथ

रविवार, २१ नोव्हेंबर १९९३. स्थळ, धुळ्यातलं आमचं घर. हजर: पहिल्या दिवाळसणाला आलेली थोरली लेक आणि जावई, त्यांना न्यायला अमळनेरहून आलेले आमचे व्याही आणि त्यांच्या सौभाग्यवती अक्का, आमचे यजमान, दहावी झालेली धाकटी आणि मी. धाकटीला पास झाल्याबद्दल वडिलांनी व्हिडिओ गेम घेऊन दिला होता. तो त्या दिवशी टीव्हीला जोडलेला राहिला, एवढीच चूक.

आमच्या व्याह्यांइतका, म्हणजे आबांइतका, चौकस माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. कापसाचा व्यापार केलेला. त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की आधी ती बोटांत धरून ओढून पाहायची, ही हाताची सवय. लग्नाच्या बैठकीत त्यांनी आमच्या सोफ्याच्या उशीची शिवण उसवून आतला कापूस पाहिला होता आणि "माल बरा आहे" असं सांगितलं होतं. ते उशीबद्दल होतं की मुलीबद्दल, हे यजमानांना आठवडाभर कळलं नव्हतं. एसटीत बसले की कंडक्टरचा तिकिटाला भोक पाडायचा चिमटा हातात घेऊन पाहत. दवाखान्यात गेले तर दुखणं सांगायच्या आधी रक्तदाब मोजायच्या यंत्रातला पारा वर कसा चढतो ते विचारत. डॉक्टर सांगत बसले आणि आबांचा खोकला विचारायचाच राहिला, असंही झालेलं आहे.

त्या रविवारी आबा टीव्हीसमोर धोतर आवरून बसले. पडद्यावर एक बुटका उड्या मारत पळत होता. आबांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हाऊ जेवस कवय?"

"आबा, तो कधीच जेवत नाही," धाकटी म्हणाली. "तीन जीव असतात त्याला. एक गेला की दुसरा."

"तीन? कोणी दिले?"

धाकटीने पडद्यावरचे तीन जीव बोटाने मोजून दाखवले. मग त्यांनी कॅसेट काढून मागितली, हुंगली, उजेडात धरली. न चालणारी कॅसेट फुंकून चालू करतात हे कळल्यावर तर त्यांचा चेहरा उजळला. पुढच्या खेपेस त्यांनी अमळनेरहून चुलीची फुंकणी पिशवीतून आणली. तोंडाने फुंकलं तर थुंकी उडते, हा त्यांचा मुद्दा मला तरी पटला.

पण त्यांचं मन जडलं ते मारामारीच्या गेमवर. दोन पहिलवान समोरासमोर, दोन माणसं खेळणार, बुक्क्या आणि लाथा. समोर खेळायला यजमान बसले आणि पेच पडला. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला लाथ मारायची कशी? टीव्हीत झाली तरी ती लाथच. यजमानांनी पहिलवान कोपऱ्यात उभा केला आणि मुकाट मार खाल्ला. आबा जिंकले. उडी मारताना ते स्वतःही जमिनीवरून वीतभर उठत होते.

त्यानंतर कामासाठी आबा महिन्यातून एकदा धुळ्याला येत आणि मुक्काम आमच्याकडे करीत. मी माझ्या पद्धतीने सगळं ठरवून टाकलं. खापरावरचे मांडे, भरीत, झोपायला पंख्याखालची खाट आणि गेममध्ये हरणं. धाकटीला हे शेवटचं फार जड गेलं. "आई, एकदा तरी मारू दे ना!" म्हणायची. मी म्हणायची, "ताई तिकडे नांदतेय. गुमान मार खा."

दीडेक वर्षात आबांची अशी खात्री पटली की धुळे जिल्ह्यात आपल्या तोडीचा कोणी नाही. मग त्यांनी जळगावला जाऊन स्वतःचा गेम आणला. घरच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर दोन्ही पहिलवान सारखेच दिसायला लागले, म्हणून मागोमाग रंगीत टीव्ही आणला. अक्का कधीपासून फ्रिज मागत होत्या. तो राहिला.

आणि एका सकाळी दार वाजलं. आबा. हातात पिशवी नाही, डोक्यावर टोपी नाही. असे न कळवता, पहिल्या एसटीने ते कधीच आले नव्हते. मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"ताई," ते म्हणाले, "काल तुमनी पोरनी माले लाथ मारी."

यजमान उभे राहिले. मी खाली बसले.

"गेममध्ये?" धाकटीने विचारलं.

"मंग काय अंगणात? तीनदा पाडलं मला. मी उठलो की पाडलं. आणि मागून अक्का काय म्हणत होती माहीत शे? 'मार त्यासले, मी शे ना!'"

फ्रिजचा हिशेब अक्कांनी असा वळता केला होता. पण लाथ मारणारी लेक आमची होती. मी हात जोडले. "आबा, लहान आहे. चुकली. मी समजावते तिला."

"चुकली?" आबा माझ्याकडे पाहतच राहिले. "अहो ताई, किती मजा आली! रात्रभर मी विचार करतोय, हिला ती फिरती लाथ कोणी शिकवली? तर म्हणते, धाकटीने. मग मला कळेना. धाकटीला ती येते, तर मला एकदाही कशी नाही बसली?"

यजमान पंख्याकडे पाहत होते. धाकटीला हसू आवरेना. आबांनी एकेकाचा चेहरा कापूस पारखावा तसा पारखला.

"म्हणजे बठ्ठा डाव खोटा? सगळाच?"

"मानपान असतो, आबा," मी म्हटलं.

"मान मांड्यांत ठेवा ना. डावात कशाला?" मग ते खाली बसले. "बठ्ठा डाव परत. आणि आता जो मला सोडेल, त्याच्या घरचं पाणी घेणार नाही मी."

धाकटीने त्यांना असं लोळवलं की शेजारचे पाहायला आले. यजमान मनापासून खेळले आणि तरीही हरले. त्यांना खरंच येत नव्हतं. आबा माझ्याकडे वळले, तेवढ्यात पोळी तव्यावर करपली. "जेवणं होऊ द्या," मी म्हटलं. जेवणानंतर लाइट गेली.

तिकडे रोज जेवणं झाली की सासरा आणि सून समोरासमोर बसू लागले. थोरली नंतर मला म्हणाली, "आई, तोवर त्या घरात मी फक्त हो म्हणत होते. त्या रात्रीपासून आबा मला विचारायला लागले." काय विचारायचे? "आज कुठली लाथ?" इथून सुरुवात. मग कापसाचे भाव, मग घर रंगवायचं तर कुठला रंग. फ्रिजही तिनेच आणवला.

माझा डाव मात्र राहिला. कधी वाळवण, कधी कोणाचं लग्न. आता आबा थकले आहेत. उजवा अंगठा वाकत नाही. थोरलीने यंत्र अजून जोडून ठेवलंय आणि फोनवर आबांचा एकच प्रश्न असतो, "ताई, येताय ना?"

कुठलं बटण दाबलं की फिरती लाथ बसते, ते मी धाकटीकडून शिकून घेतलं आहे. सरावही केला. त्या अंगठ्यासमोर आता मीच जिंकेन. आणि सोडलं, तर आबा ओळखतील आणि माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत. अमळनेरला जायची तयारी दोनदा झाली. पिशवी भरलेलीच आहे. जायचं तेवढं राहिलंय.