वाट्याचे बांगडे

सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त होऊन गावी आलो, त्याला आता दोन वर्षं होतील. भेटेल तो विचारतो, "आराम चाललाय ना?" काय सांगणार त्याला. पहाटे साडेचारला डोळे उघडतात आणि पुढे दिवसभर काही म्हणता काही घडत नाही. पहिल्याच महिन्यात मी आंब्याच्या कलमांना नंबर घातले. पंपाच्या खोलीतली हत्यारं लहान-मोठी बघून ओळीने टांगली. मग स्वयंपाकघराकडे वळलो. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, हे तुमचं युनिट नाही. मिठाची बरणी होती तिथे ठेवा आणि जरा बाहेर फिरून या."

म्हणून मी किनाऱ्यावर जाऊ लागलो. चार किलोमीटर जायचं, चार यायचं, घड्याळ लावून. घरी आलो की पुन्हा तेच. घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकायची, दहा मिनिटांनी उठायचं, बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, जाऊन रस्त्यावर कोण दिसतं का बघायचं. कोणी दिसत नसे. माझ्या एका सहीवर माणसं आणि गाड्या हलायच्या. इथे सकाळची एसटी माझ्यावाचून रोज उशिरा येत होती आणि माझ्यावाचून जातही होती.

गणपती झाले आणि रापण सुरू झाली. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, ही रापण. आमच्याकडे आता ही एकच उरली आहे. तिचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, माझ्याच वर्गातला. सातवीनंतर तो होडीवर गेला, मी पुढे कॉलेजात. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. हे मी मिरवतो आणि मिरवणार, कारण ते फुकटात मिळालेलं नाही. आमची भातशेती एवढीशी. वडील ती सांभाळून याच रापणीला हात लावायला यायचे. जो दोर ओढेल त्याला वाटा, मग तो कोणाही जातीचा असो, हा इथला नियम. हे मला लहानपणापासून माहीत होतं. म्हणून माझ्या हातून जे झालं त्याला सबब नाही.

"काय रे, नुसतो बघतंस काय? धर दोर," तांडेल म्हणाला.

धरला. दोर कमरेशी घ्यायचा, अंग मागे टाकायचं, टाचा वाळूत रोवायच्या आणि मागे मागे सरकायचं. टोकाला पोचलं की सोडून पुन्हा पाण्याजवळ पुढे यायचं. हुकूम कोणी देत नाही. दीड-दोन तास माझ्या डोक्यात एकही विचार आला नाही. गावी आल्यापासून असं पहिल्यांदाच झालं.

त्या दिवशी बांगडा बरा लागला. तांडेलाने वाळूवर वाटे घातले. एक ढीग माझ्या पायाशी.

"माका नको रे," मी म्हणालो. "माका पेन्शन आसा. कोणा गरजवंताक दी."

आपण काहीतरी चांगलं बोललो असंच मला वाटलं होतं. तांडेलाने माझा ढीग उचलून टोपलीत टाकला आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी मी दोराला हात घातला, तर तो म्हणाला, "सायबानू, तुमी वायच बाजूक रवा. दोर पायात येतलो."

शाळेत आपल्यासोबत एका बाकावर बसलेला माणूस सायबानू म्हणतो तेव्हा समजायचं ते मी समजलो. माणसं कमी होती. एका बाजूला जेमतेम सहा जण ओढत होते. तरी मी नको होतो. तिसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. म्हटलं, नवा नायलॉनचा दोर आणून देतो. "दोर आसा आमच्याकडे," एवढंच उत्तर. चौथ्या दिवशी सुरूच्या झाडाखाली उभा राहून बघत राहिलो. आयुष्यात फार कमी वेळा मी असा निरुपयोगी उभा राहिलोय.

घरी येऊन खळ्यात इतक्या येरझारा घातल्या, की बायको नारळ सोलायची कोयती ठेवून समोर बसली. सगळं सांगितलं.

"बडाखान्याला तुम्ही जवानांच्या पंगतीत बसायचात ना?" ती म्हणाली. "एखादा नवा लेफ्टनंट ताट सारून म्हणाला असता, मी मेसमध्ये चांगलं जेवतो, हे कोणा गरिबाला द्या. तर?"

"सोलला असता त्याला."

"मग?" म्हणाली, आणि पुन्हा नारळाकडे वळली.

पाचव्या दिवशी उजाडताच गेलो. तांडेल होडीतलं पाणी उपसत होता.

"माका आज वाटो होयो," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "म्हणान इलंय."

त्याने मान वर केली नाही. "पेन्शन बंद झाली काय?"

बाकीचे हसले.

"पेन्शन आसा. वाटो पण होयो."

"मासो लागलो तर मेळात. शेवटाक धर."

मासा लागला नाही म्हणण्यासारखाच. खूपसं शेवाळ, मूठ-दोन मुठी बारके पेडवे, थोडे बांगडे. प्रत्येकापुढे दहा-दहा बांगडे पडले. माझ्यापुढे पाच.

"माजो अर्धो कसो?"

"चार वेळा बसलंस. मोजलंय मी."

"चार नाय, तीन. एकदा बुटाचो नाडो बांधी होतंय."

"बूट घालून रापण ओढतत? तेचो आणखी एक कापूक होयो."

पलीकडच्या दोरावरचा एक म्हातारा म्हणाला, "दोनदाच बसलो तो. माका दिसलो." यावर दुसरा म्हणाला, "तुका दिसता खंय? काल होडी दिसली नाय तुका." मग सगळेच बोलायला लागले. मोठमोठ्या साहेबांचे शब्द मी तोंड मिटून ऐकून घेतलेले आहेत, पण त्या सकाळी पाच माशांसाठी मी वाळूत उभा राहून, आवाज चढवून भांडलो. मागे हटायचं नाही असं मनाशी ठरवूनच भांडलो.

शेवटी तांडेलाने आपल्या ढिगातला एक बांगडा माझ्याकडे फेकला. "सहावो घे आणि गप रव."

पिशवी नेली नव्हती. झावळीची हीर कल्ल्यांतून ओवली आणि बांगडे हातात लोंबकळत घेऊन रस्त्याने निघालो. गुडघे ठणकत होते. वळणावरच्या होमस्टेमधला एक पाहुणा दात घासत फाटकात उभा होता.

"काका, बांगडे कसे दिले?"

"विकूचे नाय," मी म्हणालो. त्याला कळलं नाही असं दिसलं, म्हणून थांबून नीट सांगितलं, "विकायचे नाहीत. वाट्याचे आहेत."