एकदाच वाजणारी कॅसेट

राजुऱ्याच्या बसस्टँडसमोर गुलाम रसूल यांचं कॅसेट रेकॉर्डिंगचं दुकान होतं. गाव त्यांना रसूलभाऊ म्हणे. माणूस भला, कान तिखट, पण स्वभाव असा की सगळं सुरळीत चाललं की यांना काळजी लागायची. दुकानाचं कुलूप तीनदा ओढून बघायचे आणि अर्ध्या रस्त्यातून परत येऊन चौथ्यांदा ओढायचे. बायको खुर्शीदा म्हणायची, "चोर कायले तोडंल, हे कुलूप तुमीच तोडसाल एक दिवस."

बावीस वर्षं आसपासच्या गावांत जयंती असो, दंडारीचा खेळ असो की उरूस, रसूलभाऊंचा टेपरेकॉर्डर मांडवाच्या खांबाला टेकून बसलेला असायचा. त्यांची एक खासियत होती. दीड तासाचा कार्यक्रम ते एका तासाच्या कॅसेटीत बसवत. गाणं संपलं, कोणी आभार मानायला किंवा सूचना द्यायला माइक धरला, की अंगठा पॉझच्या बटणावर. पेटी वाजली की अंगठा वर. गिऱ्हाइकाला निव्वळ गाणी मिळत आणि फीत वाया जात नसे. या अंगठ्याचा त्यांना फार अभिमान होता.

अशा चारशे बारा कॅसेट कपाटात होत्या आणि २००४ साली त्या कपाटात पांढरी बुरशी शिरली. त्याच पावसाळ्यात चुनाळ्याच्या केसरबाई दुकानाची पायरी चढून आल्या.

केसरबाई म्हणजे एके काळी या भागातल्या बुद्ध-भीम गीतांच्या पार्टीचा मुख्य आवाज. नवरा हरिदास दिवसा खदानीत कामाला जायचा आणि कार्यक्रमात गाण्यांच्या मधे निवेदन करायचा. हरिदासला जाऊन वर्ष होत आलं होतं.

"जय भीम, रसूलभाऊ. एक्क्याण्णवच्या जयंतीची आमची कॅसेट हाये का तुमच्यापाशी? आमच्या घरची तं केव्हाच खराब झाली."

"हाये ना बाई. काऊन?"

"पुढच्या महिन्यात त्याईचा स्मृतिदिन हाये. आमच्या पोरीनं, रिनानं, सीडी वाजवाचा डब्बा घेतला ऊर्जानगरात. त्याच्यावर ऐकाची हाये."

रसूलभाऊंनी कॅसेट काढली आणि उजेडाकडे धरली. फितीच्या कडेनं पांढरी साय धरली होती. ही एकदा वाजेल, दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नाही, हे त्यांनी बघताक्षणी ओळखलं. पार्टी मोडली होती, बाईंचा घसा बसला होता, आणि तो आवाज जगात या एवढ्याच फितीवर उरला होता.

"देतो बाई," ते म्हणाले, आणि त्या क्षणापासून त्यांचं जेवण सुटलं.

मुलगी नाहीद चंद्रपुरात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. दुकानातला जुना कॉम्प्युटर तिनंच लावून दिला होता. बापलेकीचं बोलणं एरवी हिंदीत चाले, भांडण मात्र मराठीत.

"अब्बा, एमपीथ्री करा. एकशे अठ्ठावीसच्या दर्जावर. एका सीडीत बारा कॅसेटी बसतेत. काही न काढता पूर्ण वेव्ह फाइल कराल तं एका सीडीत एकच."

"बारा बसवते कशा?"

"माणसाच्या कानाले जे ऐकू येत नाई, ते काढून टाकते."

"ऐकू येत नाई हे कोण ठरवते?"

"प्रोग्रामच ठरवते."

रसूलभाऊ पाणीच प्यायले. ज्याला कान नाहीत तो कानाचं ठरवतो, हे काही त्यांच्या पचनी पडेना. मग परीक्षा सुरू झाली. नाहीदनं एका टाकाऊ कॅसेटच्या पाच प्रती केल्या आणि रसूलभाऊ भिंतीकडे तोंड करून बसले. चौसष्टवर झांज बुडाली, हे त्यांनी दुसऱ्याच ठेक्याला सांगितलं. एकशे अठ्ठावीसच्या दोन प्रती होत्या, एक झटपट करणाऱ्या एन्कोडर प्रोग्रामची, एक सावकाश करणाऱ्याची. झटपटवाल्यात टाळ्या तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारख्या चरचरत होत्या. सावकाशवाला बरा होता. एकशे ब्याण्णव आणखी बरा. पूर्ण प्रत तेवढी त्यांनी ओळखली नाही, म्हणाले, "हे तं आपला टेपच वाजून राह्यला."

"मग घ्या ना तेच," नाहीद वैतागून म्हणाली, "पण डिस्कवर जागा कुठी हाये?"

डिस्कवरची सगळी सिनेमाची गाणी पुसली गेली. ठरलं असं की फीत एकदाच फिरवायची, तिची पूर्ण प्रत धरायची आणि त्या प्रतीवरून बाईंसाठी एमपीथ्री करायची. म्हणजे फीत तुटली तरी हरकत नाही. हे "हरकत नाही" रसूलभाऊ आठ दिवस स्वतःला समजावत होते आणि एकदाही त्यांना पटलं नाही.

भारनियमन नऊला सुरू व्हायचं, म्हणून सकाळी साडेसहालाच शटर उघडलं. फीत त्यांनी आदल्या दिवशी नव्या कवचात बसवली होती. हेड स्पिरिटनं तीनदा पुसलं. लाइट मधेच गेली तर काय, म्हणून टेप आणि कॉम्प्युटर दोन्ही इन्व्हर्टर लावून जीपच्या बॅटरीवर जोडले. अल्लाचं नाव घेऊन बटण दाबलं.

एक तास ते खुर्चीत बसले नाहीत. केसरबाईंचा तेरा वर्षांपूर्वीचा आवाज दुकानात भरून राहिला आणि रसूलभाऊ गाणं सोडून फितीची कुरकुर ऐकत राहिले. शेवटच्या गाण्याचा शेवटचा ठेका पडला, आणि मग फीत रबरी चाकात गुंडाळली जाऊन चुरगळली. पण काम झालं होतं. नाहीदनं एकशे अठ्ठावीसची सीडी करून दिली आणि म्हणाली, "आता ते मोठ्ठी फाइल पुसून टाकू का? डिस्क भरली."

"हात लावू नोको," रसूलभाऊ ओरडले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

केसरबाई रविवारी आल्या; क्लासला सुट्टी म्हणून नाहीदही दुकानात होती. दुकानातच सीडी लावली. बाईंनी पदर सावरला, डोळे मिटले, पहिलं गाणं ऐकलं, दुसरं ऐकलं. पाचव्या गाण्यानंतर त्यांनी डोळे उघडले.

"भाऊ, मंधातलं कुठी हाये?"

"मंधातलं काय, बाई?"

"हे बोलत ना मंधामंधात. माह्यं गाणं मले काय कराचं हाये? मले त्याईचा आवाज ऐकाचा हाये. फोटो हाये, आवाज नाई कुठीच."

हरिदास माइक धरायचा आणि रसूलभाऊंचा अंगठा खाली जायचा. बावीस वर्षं. एकाही कॅसेटीत तो माणूस नव्हता. त्यांनी मान खाली घातली आणि सांगून टाकलं.

"बाई, ते मीच बंद करत होतो. फीत वाचवाले."

रसूलभाऊ कॉम्प्युटरपाशी बसले आणि एकेका गाण्याचा शेवट ऐकू लागले. कुठेतरी अंगठ्याला उशीर झाला असेल. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी टाळ्यांच्या खाली काहीतरी गुरगुरलं. शब्द नव्हते, नुसता चोथा होता.

"नाहीद, ते मोठ्ठी फाइल लाव."

पूर्ण प्रतीत तीच जागा आली. टाळ्या, टाळ्यांच्या मागे माइकपासून लांब, कुणाला तरी सांगणारा एक खालचा आवाज.

"बाईले पाणी द्या रे कोणी, तिचा..."

खट्. पॉझ. आणि लगेच चौथ्या गाण्याची पेटी.

केसरबाईंनी हात तोंडावर ठेवला. मग म्हणाल्या, "दर तिसऱ्या गाण्याले पाण्याचा गिलास येई, भाऊ. मी समजो, मंडळाचे पोरं आणतेत. बत्तीस वर्सं झाली लगनाले, या माणसानं एकदा सांगतलं नाई."

"माफ करा, बाई. अजून दोन सेकंद मी थांबलो असतो तं..."

"लावा अजून."

त्यांनी लावलं. पुन्हा लावलं. हरिदास दर वेळी "तिचा" म्हणायचा आणि रसूलभाऊंचा तरणा अंगठा त्याला गप्प करायचा. पाचव्या वेळी तो आवाज "तिचा"पाशी तुटला, आणि केसरबाईंनी आपल्या बसलेल्या आवाजात त्याचं वाक्य पुरं केलं.

"...घसा सुकला असंल."