सामानात चूल कुठे ठेवायची

बाळांनो, देवळालीत आम्ही बायका दर गुरुवारी वाचायला जमतो. यंदा मी एक जुनी अमेरिकन कादंबरी मराठीतून सांगितली. दुष्काळात घर सोडून मजुरीला निघालेल्या कुटुंबाची ती गोष्ट आहे. मग तिच्यावरचे दोन्ही सिनेमे आम्ही लॅपटॉपवर पाहिले. जुना बहुतेकींना आवडला, नवा फार गुळगुळीत वाटला.

पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली एक बाई दाराशी बसून ऐकायची, सिनेमेही तिने तिथूनच पाहिले. ती म्हणाली, "दोन्ही सिनेमांत घर सोडताना गाडीत सामान चुकीचं भरलंय. चूल तळाला घातली. मुक्कामाला उतरल्यावर पयली तीच लागती, मंग ती शेवटी चढवाया पायजे."

"बाई, तुला वाचता तरी येतं का?" माझी शेजारीण हसली.

"न्हाई. पर दरसाल बिऱ्हाडाचा ट्रॅक्टर भरता येतो."

मी पुस्तक उघडून तो प्रसंग शोधला. लेखकाने चूल शेवटीच चढवली होती. कॉलेजात असल्यापासून मी ही कादंबरी तीनदा वाचली, पण ते वाक्य माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारणीने सरकून सतरंजीवर त्या बाईला जागा केली. त्या दिवशी मला शेजारणीचा फार अभिमान वाटला.