पहिल्या लग्नातला मामा

काईनाला बायको कुठून मिळाली, हा प्रश्न मला शाळेत कधी पडला नाही. शाळा आठवीतच सुटली, आणि चर्चमधल्या रविवारच्या शाळेत प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. तो मला पडला जुन्नरकडच्या राजुरीच्या द्राक्षबागेत, आणि तोही दुसऱ्यांनी पाडला.

मी मूळचा जालन्याकडचा. बागेत कामाला होतो आणि कडेला मालकांनी दिलेल्या खोलीत राहत होतो. मण्यांची विरळणी सुरू झाली की आणे गावाहून बायकांची टोळी यायची. घडातले जास्तीचे मणी बारीक कात्रीने काढायचे, म्हणजे राहिलेले फुगतात. हात दिवसभर वर, मान ताठ, म्हणून तोंड चालू ठेवावं लागतं. रोज एकाने गोष्ट सांगायची, असा टोळीच्या मुकादमीण मावशींचा नियम होता. माझी पाळी आली तेव्हा मला एकच गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत येत होती.

देवाने मातीचा पहिला माणूस केला, आदाम. त्याच्या बरगडीतून पहिली बाई केली, हव्वा. त्यांना दोन मुलगे झाले. थोरल्या काईनाने धाकट्याला मारलं. देवाने त्याला हाकलून दिलं. तो लांब मुलखात गेला, तिथं त्याला बायकोपासून मुलगा झाला.

कात्र्या थांबल्या.

"बायको कुनाची पोर?" मावशींनी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"आरं, तवा मानसं किती व्हती?"

"आई, बाप आणि तो. एक मेलेला."

"मामाची आसंल," पलीकडच्या ओळीतून कोणी तरी म्हणालं. त्यांच्याकडे मामाच्या मुलीवर पहिला हक्क असतो. चुलत्याची मुलगी मात्र बहीण.

"मामा कुठला? आईला भाऊच न्हाई. ती तर बरगडीतनं निघाली."

"मंग ती नवऱ्याची कोन लागली? लेकच की."

"ते ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाल्या. "लग्नात नवऱ्याच्या मागं मामा म्हनून कोन हुबा ऱ्हायला? आक्ख्या जगात एक मामा नाय."

हे दोन दिवस चाललं. टोळीला ने-आण करणारा पिकअपवाला भाऊ जुन्नरचा मुसलमान. त्याने उत्तर आणलं. त्यांच्यात सांगतात, की हव्वेला दर खेपेला जुळं व्हायचं, एक मुलगा, एक मुलगी. एका जुळ्यातल्या मुलाला दुसऱ्या जुळ्यातली मुलगी द्यायची.

बायकांना हे पटलं. एक खेप भावकी, दुसरी खेप सोयरे. "पन आई तर एकच," असं एकीने म्हटलं, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली.

मी हसत होतो, पण आतून धास्तावलो होतो. आपण शास्त्राची चेष्टा मांडली की काय, असं वाटून मी आईला फोन केला. आई म्हणाली, "ते सोड. तुझ्या बायकोचं बघू." मंचरजवळच्या एका गावातलं स्थळ आलं होतं. मुलीचे वडील त्यांच्या चर्चचे वडीलधारे. ते रविवारी दुपारी माझं राहणं बघायला येणार होते.

"तुझ्याकडून कोण बसणार?" आईने विचारलं. माझे वडील गेलेले. आईला भाऊ नाही, तिच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपत नाही. आधीचं एक स्थळ यावरूनच मोडलं होतं. एकट्या माणसाच्या हवाली मुलगी कशी करायची, असं त्यांनी कळवलं होतं. त्यांचंही चुकलं नव्हतं.

मी घाबरत घाबरत मावशींना सांगितलं. त्या कात्री न थांबवता म्हणाल्या, "आमी बसू."

रविवारी, सुट्टीच्या दिवशी, पाच बायका ठेवणीतली लुगडी नेसून पिकअपमधून उतरल्या. एकीने पोह्यांचं पातेलं आणलं होतं, एकीने घरची सतरंजी. मी सतरंजी अंथरली. मग मावशींना बाजूला घेतलं.

"एकच विनंती आहे. काईनाचं काढू नका."

"येडा हायेस का," त्या म्हणाल्या.

पाहुणे आले. मुलगीही आली. जिथं राहायचं ती जागा मी स्वतः बघणार, असं ती म्हणाली होती म्हणे. पोहे झाले, चहा आला. तिच्या वडिलांनी सतरंजीवरून नजर फिरवली. कुंकू लावलेल्या पाच बायका आणि टोपी घातलेला एक ड्रायव्हर.

"हे सगळे तुमचे नात्याने कोण?"

मला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सुचत नव्हतं. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"पावणं," मावशी म्हणाल्या, "एक इचारू? तुमच्या त्या पैल्या मानसाच्या थोरल्याचं लगीन ठरलं, तवा त्याच्याकडनं कोन बसलं व्हतं?"

झालं, असं मी मनात म्हटलं. हेही स्थळ गेलं.

वडिलांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ते लिहिलेलं नाही. लहानपणी मी आमच्या चर्चच्या पाळकांना विचारलं होतं, की ती मुलगी कुठली. त्यांनी मला सगळी वंशावळ पाठ करायला लावली. त्यात विचारायचं राहून गेलं."

"राहून कुठं गेलं?" मुलगी म्हणाली. "नाताळात जेवायला बसलं की अजून विचारता."

बायका हसल्या, आणि सगळ्यांनी मांडी बदलून नीट बैठक मारली. वडील म्हणाले, आदामाला पुढे आणखी मुलगे-मुली झाल्याचं लिहिलंय, म्हणजे ती बहीणच असणार. पिकअपवाल्या भाऊने जुळ्यांचं सांगितलं. वडिलांनी ते कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी त्याच्याकडून दोनदा समजून घेतलं.

"म्हंजी सुरवातीला सगळी एकाच घरची," मावशी म्हणाल्या. "मंग आमीबी त्याच घरच्या. नात्यानं कोन म्हनून इचारलंत ना, हे आसं."

वडील हसू लागले. "मावशी, तसं धरलं तर ही दोघंही भाऊ-बहीण होतील."

"आता लई पिढ्या झाल्या. लांबलंय ते. चालतंय."

मुलगी उठली आणि एकटीच खोली बघून आली. न्हाणीच्या दाराला आतून कडी नाही, एवढंच तिने सांगितलं. "उद्याच बसवतो," मी म्हणालो. त्या दिवशी मी तिच्याशी बोललेलं तेवढं एकच वाक्य.

वडिलांनी तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवली. मग ते मला म्हणाले, "आईंना फोन लावा."

आईने पहिला प्रश्न तोच विचारला, तुझ्याकडून कोण बसलंय. मी फोन मावशींच्या हातात दिला. त्या शेजारच्या बांधावर उभ्या राहून मोठमोठ्याने बोलल्या. लग्न कुठं, जेवणात मटण का गोड, नवरीला साडी कुणी घ्यायची, सगळं निघालं. आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

"रडू नका, ताई," मावशी शेवटी म्हणाल्या. "तुमी फकस्त या. गुडघ्यांचं काय घेऊन बसलात. गाडी धाडते मी."

"जालन्याला?" सतरंजीवरून पिकअपवाल्या भाऊने विचारलं. "कुनाला इचारून?"