शेंदूर लावलेली कपार

धारूरच्या घाटावर, उंच कड्यात एक कपार आहे. मागच्या श्रावणात तिथं मला खरपुडीचे सात वेल सापडले. कंदिलासारखं फूल, मातीखाली सुपारीएवढा कंद. ही जात आपल्या डोंगरांबाहेर जगात कुठंही उगवत नाही. हिमयुगात बर्फ इथवर आलं नाही, पण पाऊस आटला, खालची रानं वाळून गेली. तेव्हा अशा ओल धरणाऱ्या कपारींत हे वेल तगले असावेत, असं मी कॉलेजात शिकवतो. मुलं जांभया देतात.

मला धास्ती होती शेळ्यांची आणि कंद उकरून खाणाऱ्यांची. पाटी लावावी, तर आपली माणसं ती वाचायला मुद्दाम वर चढणार. म्हणून मी अतिशहाणपणा केला. तेलात शेंदूर कालवला आणि कपारीच्या तोंडाशी असलेल्या दगडाला फासला. देवाच्या जागेत कोणी शेळी घालत नाही की कुदळ मारत नाही. आयुष्यभर देव न मानणाऱ्या मास्तरानं देव बसवला, याचं मला हसूही आलं होतं.

यंदा श्रावणात गेलो तर वर जाणारी पायवाट मळलेली. कपारीत नारळाच्या करवंट्या, उदबत्त्या आणि जमिनीवर शेणाचं ओलं सारवण. वेल एकही नाही. बाजूला तीन दगडांची चूल धुमसत होती आणि शेळ्या राखणारी एक मावशी खुरपं पुसत बसली होती.

"मावशी, इथले वेल कुठं गेले?"

"लई माजलते, सर. देवाच्या अंगावर चढलते. सकाळीच मुळासकट काढले."

"आणि कंद?"

"भाजून परसाद वाटला वस्तीवर. देवाच्या जागंतलं टाकावं कसं?"

मला संताप आला, पण तो काढावा असा माझ्याशिवाय कोणी नव्हता.

"नातीचा ताप उतरंना. हितं नवस बोलले, उतरला," ती म्हणाली. "कंचा देव हाय ह्यो? तुमाला ठाव असंल."

"लई जुना आहे, मावशी," एवढंच मला म्हणता आलं.

तिनं पदराची गाठ सोडली. "एक उरलाय. घ्या, तुमच्या नशिबाचा."

शेवटचा कंद तळहातावर आला. भाजलेला होता, आता रुजणार नव्हता. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. तिच्या देखत मी तो खाल्ला. गोड होता.