दुसरी वायर

युनूसभाईंची आणि माझी पहिली भेट वसमतला, माझ्या दवाखान्यासमोरच्या त्यांच्या रेडिओ-टीव्हीच्या दुकानात झाली. मी नवखा सर्जन. सगळ्यांत महागडी एचडीएमआय वायर मागत होतो. त्यांनी साधी वायर पुढे केली. "एवढ्याशा अंतराला ही बराबर चालते, डॉक्टरसाहेब. जास्तीचे पैसे काहून घालवता?"

हट्ट्याहून आलेल्या युनूसभाईंनी रेडिओदुरुस्तीपासून सुरुवात केली. पुढे टीव्हीच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना आल्या, त्यातली पिवळी चित्राची, मग स्क्रूने आवळायचा निळा प्लग, मग चित्र आणि आवाज एकत्र नेणारी ही डिजिटल एचडीएमआय वायर. दर वेळी ते नव्याने शिकले. इंग्रजी माहितीपुस्तिका लेकीकडून वाचून घेत.

एका दुपारची हकिगत मात्र मी इथे सांगितलीच पाहिजे. सिद्धेश्वर गावच्या कौसाबाईंच्या पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया चालू होती. अर्ध्यावर असताना मॉनिटर काळा पडला. कॅमेरा पोटात, आणि मला काहीच दिसेना. पोट उघडावं, तर त्यांचं हृदय कमजोर. भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, पाच मिनिटं थांबू, त्याहून जास्त नाही. शोभासिस्टर युनूसभाईंना बोलवायला धावत समोर गेल्या.

टोपी, गाऊन चढवून युनूसभाई आत आले. त्यांनी डिजिटल वायर बदलली. पडदा काळाच. दुसरा मॉनिटर लावला, तोही काळा.

"कॅमेऱ्याचं डिजिटल सॉकेटच गेलं," ते म्हणाले. "जुनं पिवळं चालू असंल."

नव्या मॉनिटरना ते सॉकेटच नव्हतं. ते आणि सिस्टर प्रतीक्षाकक्षातला जुना टीव्ही त्याच्या वायरीसकट उचलून घेऊन आले. पिवळी पिन बसली. चित्र थरथरलं, मग स्थिरावलं. अंधुक होतं, पण रक्तवाहिनी दिसत होती. मी काम पुरं केलं.

मी आभार मानायला गेलो, तर ते मान खाली घालून उभे होते.

"हा टीव्ही आणि जुनी वायर ऑपरेशनच्या खोलीतून मीच काढायला लावली होती. नवं आलं, आता ह्याचं काम न्हाई म्हणलो. चूक माझी हाय. बाईंच्या घरच्यांना मीच सांगतो."

आणि त्यांनी खरोखर सांगितलं. कौसाबाईंच्या यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. मग बाकावर सरकून त्यांनी युनूसभाईंना जागा करून दिली. कौसाबाई शुद्धीवर येईपर्यंत दोघे तिथेच बसले होते.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा दुरुस्त झाला, आणि शेजारी पिवळी वायरही कायमची बसली. पंचाहत्तरीतही ते दर महिन्याला येऊन दोन्ही वायरी स्वतः तपासतात.

युनूसभाईंची नजर आणि बोटं अशीच स्थिर राहोत, त्यांना निरोगी शंभरी लाभो. यात माझा स्वार्थही आहे: माझ्या हाती चाकू आहे तोवर समोरच्या दुकानात ते असावेत.